वाढणीच्या खिडकीतलं इंग्रजी

बोलायला मला कुणी शिकवलं नाही. आई बोलायची, मी ऐकायची, आणि मग मी जी सुरू झाले ती आजतागायत थांबलेली नाही, असं माझा नवरा म्हणतो. तो खाणीत कामाला होता तोवर तो कसा बोलतो हे कुणी विचारलं नाही. कोळसा किती निघाला एवढंच विचारायचे. मग खाण बंद झाली, आणि तेव्हापासून आमच्या गावात जो येतो तो आम्हाला काहीतरी शिकवायलाच येतो.

लँगफर्ड साहेब तसेच आले. गावची शाळा एका मोठ्या संस्थेनं घेतली आणि संस्थेनं हे हेडमास्तर आम्हा उत्तरेकडच्यांसाठी इंग्लंडच्या दक्षिणेकडून धाडले. उंच, नीटनेटके, बुटाला कधी चिखल नाही. माणूस वाईट नव्हता, ते आधीच सांगून ठेवते. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

मी गेनर हेपवर्थ. शाळेच्या जेवणघरात वाढते. वाढणीच्या खिडकीच्या अलीकडं मी आणि मॅक्सीन, पलीकडं ताटं घेऊन उभी पोरांची रांग. आज जी पोरं रांगेत असतात त्यातल्या निम्म्यांच्या आयांना मी कस्टर्ड वाढलंय, आणि कुणाची आई साय बाजूला काढायची तेही मला ठाऊक आहे.

साहेबांना पहिल्याच आठवड्यात आमच्या गावाचं दुखणं सापडलं. इंग्रजीत कर्ता एकटा असला की 'वॉज' आणि बरेच असले की 'वेअर', हे तुम्हीसुद्धा शाळेत छड्या खाऊन पाठ केलं असेल. आमच्याकडं तसला भेदभाव नाही. आम्ही सगळ्यांना 'वेअर' लावतो. मी वेअर, ती वेअर, कुत्रं वेअर, पाऊस वेअर. माणूस एकटं असलं तरी क्रियापद पाचपन्नास जणांचं, मान दिल्यासारखं. माझी आजी असंच बोलायची, तिची आजीही असंच बोलत असणार, आणि त्यामुळं कुणाचं बोलणं कुणाला कळलं नाही असं काही झालेलं नाही.

पण साहेबांनी फतवा काढला. वर्गात, जिन्यात, मैदानात, जेवणघरात, जिथं कुणी कर्त्याला चुकीचं क्रियापद लावील तिथं त्याला मास्तरांनी अडवायचं, वाक्य दुरुस्त करून घ्यायचं, आणि पुन्हापुन्हा चुकणाऱ्याला शाळा सुटल्यावर बसवून ठेवायचं. पोरं हसली. मग बसवून ठेवायला लागले तशी हसायची थांबली.

आणि एके दिवशी आम्हा वाढणाऱ्या बायकांनाच बोलावणं आलं. भांडी घासून हातपाय गळून गेलेले, डोक्यावरच्या जाळ्या अजून काढलेल्या नाहीत, आणि साहेब फळ्यापुढं उभे.

"आपण मुलांशी रोज बोलता," साहेब म्हणाले. "वर्गात आम्ही जे घडवतो ते खिडकीपाशी बिघडतं. म्हणून सुरुवात आपल्यापासून करू. एक सॉसेज असेल तर 'इज'. दोन सॉसेज असतील तर 'आर'. इथपर्यंत ठीक?"

"ठीक," मॅक्सीन म्हणाली. "आणि सॉसेज आणि बटाट्याचा मॅश असेल तर?"

साहेबांनी फळ्यावर दोन्ही लिहून बघितलं. "तो एकच पदार्थ म्हणून ताटात येतो. तेव्हा 'इज'."

"म्हणजे दोघांचं लग्न झालंय असं धरायचं."

"तसं म्हणता येईल."

"आणि मटार?"

"मटार अनेक. 'आर'."

"आणि नुसता एकच मटार मागितला कुणी तर? आमच्याकडं एक पोरगं आहे तसं. त्याला हिरवं बघवत नाही, पण आईला सांगायला एक तरी खायचा असतो."

मी टेबलाखालून मॅक्सीनला लाथ मारली, कारण मला हसू आवरेना. साहेबही किंचित हसले, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी आम्हाला एकेक कार्ड दिलं, प्लास्टिकमध्ये घातलेलं, पुसून घेता येईल असं. वर पाचसहा वाक्यं. आपल्याला काय हवं आहे. आज अमुक आहे, तमुक आहेत. आपल्याला आणखी हवं आहे का. सगळी क्रियापदं आपापल्या कर्त्याचा हात धरून नीट उभी. खिडकीत यापलीकडं बोलायचं नाही, असा हुकूम.

"हे तुमच्यासाठीही चांगलं आहे," साहेब म्हणाले. "मुलांसाठी तर आहेच. उद्या ही मुलं मुलाखतीला जातील. तोंड उघडल्याबरोबर समोरचा माणूस ठरवतो हे कुठून आले आहेत ते. मी स्वतः अशा मुलाखती घेतल्या आहेत. मला माहीत आहे काय होतं."

"मग त्या समोरच्या माणसाला बोलवा की शाळेत," मी म्हटलं. "त्याला शिकवा."

मॅक्सीननं आता मला लाथ मारली.

कार्ड मी घरी आणलं आणि नवऱ्याला दाखवलं. त्यानं चष्मा लावून वाचलं, उलटं करून बघितलं, पाठीमागं काही नव्हतं. "चांगलंय," तो म्हणाला. "चहाचा कप ठेवायला होईल."

आता खिडकीतलं काम कसं चालतं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई एवढी का चिडली. बाहेरच्याला वाटतं, पळी बुडवायची आणि ओतायचं. तसं नसतं. रांगेत दर वर्षी दोनचार पोरं अशी येतात की ज्यांच्या तोंडातून शब्द फुटत नाही. घाबरलेली असतात, घरी काहीतरी बिनसलेलं असतं, कोण जाणे काय असतं. त्यांना 'तुला काय हवं' असं विचारून काही उपयोग नाही. प्रश्न विचारला की ती ताटाकडं बघतात, आणि जे पडेल ते घेऊन जातात, आणि मग तसंच बादलीत टाकतात. त्यांना विचारायचंच नसतं. त्यांच्याबद्दल काहीतरी धडधडीत चुकीचं बोलायचं. 'तू काय बाई, कालच सांगितलंस मला, पुडिंग म्हणजे म्हाताऱ्यांचं खाणं.' पोर मान वर करतं. मी असं कधी म्हटलंच नाही, असं त्याच्या डोळ्यांत येतं. दुसऱ्या दिवशी आणखी काहीतरी चुकीचं. तिसऱ्या, चौथ्या, कधीतरी ते चिडतं आणि म्हणतं, 'नाही, मला आवडतं.' झालं. एकदा भांडायला लागलं की पोर जेवायला लागतं. हे मला आधीच्या बाईंनी शिकवलं, त्यांना त्यांच्या आधीच्या बाईंनी.

नेल अशीच होती. अकरा वर्षांची, अंगानं काडी. तिची आई शेली हिवाळ्यात गेली. शेलीला मी ओळखत होते, माझ्याच खिडकीत वाढली ती, आणि तिचं तोंड असं की रांगेच्या शेवटाला असली तरी मला कळायचं आज आलीय. तिची पोरगी मात्र आई गेल्यापासून कुणाशी बोलेना. बापाशीसुद्धा नाही. बाप ट्रक चालवतो. तो एकदा बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "गेनर, घरात दोन माणसं आहेत आणि मी एकटाच बोलतोय. मला वेड लागेल."

कार्डं यायच्या आधीपासूनच मी तिच्या मागं लागले होते. रोज काहीतरी उलटं. 'तुला तर मॅश नकोच असतो.' 'तुझ्या आईला पुडिंग बघितलं की ओकारी यायची.' ते तर शुद्ध खोटं होतं, शेली दोन खाऊन तिसरं पळवायची. नेलनं माझ्याकडं बघितलं, ओठ हलले, आणि बोलली. "आवडायचं तिला." बस, एवढंच. मी पाठ फिरवली आणि उगाच ओव्हनचं दार उघडून आत बघत बसले, कारण माझा चेहरा ठिकाणावर नव्हता.

त्यानंतर ती खिडकीत बोलू लागली. फक्त खिडकीत, फक्त माझ्याशी, पण दोन शब्दांचे चार झाले, चारांचं वाक्य झालं. तिच्या बापानं मला रस्त्यात मिठी मारली. लोक बघत होते, मी म्हटलं बघू दे.

आणि मग एक दिवस तिनं वर्गात तोंड उघडलं. इंग्रजीच्या तासाला सगळ्यांनी आपल्या घरातल्या एका माणसाबद्दल सांगायचं होतं. नेल उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं, आपण होऊन उभी राहिली. म्हणाली, माझी आई केक करण्यात पटाईत 'वेअर'. आणि बाई म्हणाल्या, "वॉज."

बाई नवीन, कोवळी पोरगी, फतव्याला भिऊन असलेली. तिला काही ठाऊक नव्हतं. नेल खाली बसली. त्या दिवशी ती माझ्या खिडकीत आली तेव्हा मी नेहमीसारखी चेष्टा केली, तर तिनं माझ्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही.

आणि दुसऱ्याच दिवसापासून साहेबांनी वाटलेली ती कार्डं लागू झाली. साहेब स्वतः कोपऱ्यात उभे राहायचे. मॅक्सीन कार्ड हातात धरून, मान ताठ करून, राजवाड्यातल्या बटलरसारखी बोलायची. पोरं पहिल्या दिवशी खिदळली, मग त्यांनाही कंटाळा आला. रांग मुकाट्यानं सरकू लागली. जेवणघर इतकं गार पडलं की काट्याचमच्यांचा आवाज मला नकोसा झाला. नेल यायची, मी कार्डावरचं वाक्य म्हणायची, ती ताट पुढं करायची, आणि ते तसंच बादलीत जायचं. पुढं पुढं ती ताटातला नुसता ब्रेडचा तुकडा खायला लागली. गाल आत गेले.

मी ते किती दिवस बघणार? जाळी डोक्यावर तशीच ठेवून साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, त्या पोरीला कार्डावरचं बोलून चालणार नाही," मी म्हटलं. "मला माझ्यासारखं बोलू द्या तिच्याशी. बाकीच्यांना हवं तर तुमचं कार्ड गाऊन दाखवते."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिच्यासाठी आपण तज्ज्ञांची वेळ मागितली आहे."

"कधीची?"

"उन्हाळ्यानंतरची."

"तोवर ती काय खाईल?"

"मिसेस हेपवर्थ, नियम एका मुलीसाठी सोडला तर तो नियम राहत नाही. आणि मला तुमची कळकळ दिसते. पण तुम्ही तिला जी भाषा देता आहात, तीच तिच्या आड येणार आहे."

माझं डोकंच फिरलं. "मी तिला भाषा देत नाही, साहेब. मी तिला जेवण देते. भाषा तिला तिच्या आईनं दिलीय, आणि आई मेलीय. आता तेवढंच उरलंय तिच्याकडं आईचं, आणि तुम्ही ते रोज खोडताय."

साहेबांनी टेबलावरचे कागद नीट लावले. मला वाटलं, पोचलं. पण ते म्हणाले, "गुरुवारी संस्थेची माणसं जेवणघर बघायला येत आहेत. त्या दिवशी तुम्ही कार्डाबाहेर एक शब्द बोललात तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही. हे मी तुम्हाला आधी सांगतो आहे, कारण ते न सांगणं अन्याय होईल."

"उपकार झाले," मी म्हटलं आणि दार जरा जोरात लावलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याची छाती खाणीनं खाल्लेली, माझ्या पगारावर घर चालतं, हे दोघांनाही माहीत. तो म्हणाला, "तुझं तू बघ. पण त्या पोरीसमोर गप्प बसलीस तर घरी येऊन माझ्यासमोर कटकट करशील, ती मला सोसायची नाही." त्यानं असं सांगितलं म्हणजे परवानगी दिली असं मी धरलं.

गुरुवारी संस्थेची तिघं आली, दोन बाप्ये आणि एक बाई, गळ्यात ओळखपत्रं. साहेबांनी त्यांना खिडकीच्या बाजूलाच उभं केलं. गुरुवार म्हणजे आमच्याकडं भाजलेलं बीफ, यॉर्कशायर पुडिंग, म्हणजे गोड नव्हे, पिठाचा भाजलेला फुगा, मटार आणि ग्रेव्ही. मॅक्सीन कार्डावरचं एकेक वाक्य सोन्याच्या तराजूत तोलून टाकत होती. मीही टाकत होते. हो, टाकत होते. पाहुण्या बाईंनी मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं.

मग नेल आली.

"आपल्याला काय हवं आहे?" मी म्हटलं. आवाज माझा मलाच परका वाटला.

नेल गप्प. ताट काठाला टेकवून उभी. मागची पोरं थांबली.

साहेब पुढं आले. त्यांना वाटलं असेल, आपण करून दाखवावं. वाकून, गोड आवाजात म्हणाले, "नेल, आज मटार आहेत. ग्रेव्ही आहे. तुला काय हवं आहे?" क्रियापद एकही इकडचं तिकडं नाही. नेल त्यांच्या टायकडं बघत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं, सावकाश, बहिऱ्याशी बोलावं तसं. काही नाही.

"ही मुलगी बोलत नाही का?" पाहुण्या बाईंनी विचारलं.

"हल्ली जरा अडचण आहे," साहेब म्हणाले.

अडचण म्हणे. मी कार्ड उचललं आणि मागच्या घमेल्यात टाकलं, जिथं खरकटं टाकतो तिथं. मॅक्सीननं डोळे मिटले.

"राहू द्या साहेब, हिला कशाला विचारताय," मी माझ्या बोलीत, माझ्या आवाजात म्हटलं. "हिला काहीही चालतं. काल एवढी ग्रेव्ही वाढली मी हिला, सगळी चाटूनपुसून खाल्ली. ताट धुवायचंसुद्धा काम ठेवलं नाही पोरीनं."

नेलनं मान वर केली. मला दिसलं, तिच्या गळ्याशी काहीतरी हललं. मी हात कमरेवर ठेवले आणि अजून वाट बघितली, कारण या वेळी घाई केली की सगळं मुसळ केरात.

"नाही खाल्ली," नेल म्हणाली. आवाज बसलेला, गंजलेला, पण रांगेतल्या शेवटच्या पोरापर्यंत गेला. "ग्रेव्ही थंड वेअर."

"वॉज," साहेब म्हणाले.

ते सवयीनं म्हणाले. तोंडातून निघून गेलं. ते शिंकावं तसं झालं त्यांचं, हे मी आजही मानते. पण नेलचा चेहरा मी बघितला. वर्गातही तिचा चेहरा असाच झाला असणार. मला वाटलं, संपलं, आता ही पोरगी जन्मात तोंड उघडायची नाही.

नेलनं ताट खिडकीत ठेवलं. दोन्ही हात मोकळे केले. साहेबांच्या तोंडाकडं सरळ बघितलं, वर मान करून, कारण ते ताडासारखे आणि ती एवढीशी.

"वेअर," ती म्हणाली.

संस्थेच्या बाईंची लेखणी तशीच हवेत. साहेबांचे कान लाल झाले. ते माझ्याकडं वळले आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "मिसेस हेपवर्थ, बरोबर काय ते तिला सांगा. तुम्ही सांगा, मग आधीचं सगळं मी विसरतो."

म्हणजे एक शब्द. तोंडातून एक शब्द काढायचा आणि नोकरी शाबूत. नवऱ्याची औषधं शाबूत. नेल आता माझ्याकडं बघत होती. साहेबांकडं नाही, माझ्याकडं.

"सांगते की," मी मोठ्यानं म्हटलं. "बरोबर बोलतेय ती. ग्रेव्ही थंड वेअर. मीच वाढली होती, मला नाही माहीत तर कुणाला? इकडं आण गं ताट, शेलीच्या पोरी. आज गरम आहे. आणि पुडिंग किती?"

"दोन," नेल म्हणाली. मग जरा विचार करून, "तीन."

मी तीन वाढली. वरून ग्रेव्ही ओतली, पार काठापर्यंत, मटार पोहायला लागले. तिनं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि जिभेचं टोक बाहेर काढून, सांडू न देता चालू लागली.

"मिसेस हेपवर्थ," साहेब म्हणाले, "उद्यापासून आपण येऊ नका."

"उद्याचं उद्या बघू," मी म्हटलं. "आत्ता बाजूला व्हा साहेब, मागं पोरं उपाशी आहेत."